काळ्या गाडीवरचं जाळं
सास्तूर गावच्या काळ्या रानातली चिकणमाती तशी मऊ. गाडीला ओरखडे पाडते ती तिच्यातली बेसॉल्टची कच आणि गारेचे (क्वार्ट्झचे) कण. मोह्स मापनश्रेणीत गारेची कठीणता 7. गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिकच, गारेपुढे त्याचा काय टिकाव? कोरड्या फडक्याने धूळ झटकली की हातासरशी बारीक रेघा उमटतात.

उन्हात त्या गोल गोल दिसतात, पण गंमत म्हणजे या रेघा गोल नसतातच. त्या वेड्यावाकड्या, सगळ्या दिशांना असतात. पण सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती ज्या आडव्या पडतात, त्याच प्रकाश डोळ्यांकडे फेकतात आणि कोळ्याचं जाळं दिसतं. डोकं हलवा, जाळंही सरकतं! पांढऱ्या गाडीवरही रेघा असतात. तिथे रंगच चहूकडे प्रकाश विखुरतो, त्यात त्या बुडून जातात.

‘वॅक्स मारलं की गेल्या’ हे अर्धसत्य. मेण रेघा नुसत्या भरतं आणि धुण्यागणिक उतरतं. पॉलिशमधली अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी मात्र रेघेच्या तळापर्यंत थरच घासून काढते. हा थर साधारण 40-50 मायक्रॉनचा, म्हणून दर दिवाळीला पॉलिशचं मशिन फिरवायची हौस नको. मुळात रेघा पडू नयेत म्हणून धुताना आधी पाण्याची धार, मग शाम्पूचा फेस, फडकं सगळ्यात शेवटी.