खुडूक कोंबडीची पाखर

नवी पिल्लं जुन्या कळपात सोडताना नेमकं काय घडतं, हा विषय कित्येक वर्षं माझ्या मनात घर करून आहे. कुक्कुटपालनाच्या पुस्तिका खाद्य, लस आणि उबेबद्दल पानंच्या पानं सांगतात. इथे आल्या की दोन ओळींत आटोपतात. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरपाड्यांवर मात्र सगळं त्या दोन ओळींवरच अवलंबून असतं. घरं लांब लांब, ज्याचं त्याच्या शेतात. कोंबड्या दिवसभर मोकळ्या. वर शिक्रा आणि घार, बांधाच्या गवतात मुंगूस, रात्री रानमांजर. परक्या पिल्लाचा आणखी एक वैरी घरातच असतो: कळपातली जुनी कोंबडी.

या घरातल्या वैराचा पहिला अभ्यासक नॉर्वेचा. थॉरलेफ शेल्डेरुप-एब्बे, जन्म 1894, आईवडील दोघंही शिल्पकार. लहानपणापासून हा मुलगा कोंबड्या न्याहाळायचा आणि कोण कोणाला टोचतं ते वहीत टिपून ठेवायचा. त्यातून त्याला दिसलं की खुराड्यातल्या प्रत्येक दोघींमध्ये वरची कोण, खालची कोण, हे ठरलेलं असतं आणि दोघींनाही ते पक्कं ठाऊक असतं. 1922 साली त्याचा निबंध जर्मनीत छापून आला. ‘टोचणीची उतरंड’ ही कल्पना पुढे माकडांपासून माणसांपर्यंत सगळ्यांना लावली गेली. ती मांडणारा मात्र मायदेशी उपेक्षितच राहिला. क्रिस्टीन बोन्नेवी या नॉर्वेच्या पहिल्या महिला प्राध्यापक त्याच्या पाठीराख्या होत्या. त्यांची खिल्ली उडवणारा एक लेख आला आणि तो यानेच लिहिला असा त्यांचा समज झाला, असं त्याच्या मुलाने पुढे आठवणींत सांगितलं. तिथून दारं बंद झाली. डॉक्टरेट जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्ड विद्यापीठातून मिळवावी लागली आणि मायदेशातल्या विद्यापीठाने त्याला कधी आपलं म्हटलं नाही. दोष कोणाचा, हे आज ठरवता येणार नाही. पण त्या वह्यांचं मोल तेव्हाच ओळखलं गेलं असतं, तर कोंबडीपालनाच्या शास्त्राने कळपाच्या स्वभावाकडे फार आधी लक्ष दिलं असतं.

ते लक्ष गेलं अमेरिकेत. 1944 साली गुल आणि ॲली या संशोधकांनी दाखवलं की सभासद सारखे बदलत ठेवले, तर त्या कळपातल्या कोंबड्या खातात कमी आणि अंडीही कमी घालतात. शिकाऱ्याचा प्रश्न मला याच्याशी बांधलेला दिसतो. टोचणी खाणारं पिल्लू दाण्यापासून हाकललं जातं, कडेकडेने, उघड्यावर चरतं, संध्याकाळी खुराड्यात शिरायला घाबरतं. शिक्र्याला आणि रानमांजराला सापडतं ते असंच पिल्लू.

आता आपल्याकडच्या योजनेकडे पाहा. महाराष्ट्रात एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत 25 तलंगा आणि 3 नरांचा गट मिळतो किंवा एक दिवसाची 100 पिल्लं मिळतात. या पिल्लांना आई नसते. ती यंत्रातून निघालेली. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने वनराजा ही जात परसासाठीच घडवली, रंगीत पिसं आणि लांब पाय देऊन, म्हणजे लपता आणि पळता यावं. पण पळायचं कधी, हे कोण सांगणार? संशोधक पीटर मार्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात अभ्यासून दाखवलं की कोंबडा आकाशातल्या शत्रूसाठी एक हाक देतो आणि जमिनीवरच्या शत्रूसाठी दुसरी. पहिली ऐकली की कोंबड्या आडोशाला धावतात किंवा दबून बसतात. दुसरीला मान ताठ करून उभ्या राहतात. अशी जाणती जनावरं आसपास असणं हे कुंपणाइतकंच मोलाचं आहे.

फेब्रुवारी 2006 मध्ये याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला, तेव्हा पोल्ट्र्यांबरोबर आसपासच्या गावांतल्या परसातल्या कोंबड्याही मारल्या गेल्या. साथ रोखायची तर दुसरा उपाय नव्हता. तरी माझ्या मते, ज्या घराचं खुराडं पार रिकामं झालं, तिथल्या पुढच्या पिल्लांना वडीलधारं कोणी उरलं नाही. नुकसानभरपाईत हे धरता येत नाही.

यावर बायकांकडे जुना उपाय आहे, आणि पुस्तिकांपेक्षा मला तो जास्त पटतो. देशी कोंबडी खुडूक होऊन अंड्यांवर बसली की दोन-तीन आठवडे बसू द्यायची. मग रात्री, अंधारात, तिच्या पोटाखाली हात घालून अंडी काढायची आणि एक-दोन दिवसांची पिल्लं एकेक करून आत सरकवायची. अंधारात ती सहसा टोचत नाही. पहाटे पिल्लांची चिवचिव ऐकून ती हलकं क्लक-क्लक करू लागली, की ती त्यांची आई झाली. पिल्लं आठवड्याची झाली की हे जमत नाही. त्यानंतर काही दिवस माय-लेकरं अंगणात बांबूच्या डालग्याखाली. फटींतून कळप त्यांना बघतो, ती कळपाला बघतात, आणि चोच कोणाची पोचत नाही. बाहेर सोडल्यावर पिल्लाकडे वाकड्या नजरेने आलेल्या कोंबडीशी आई स्वतः निपटते, आणि शिक्र्याची सावली पडली की पिल्लं तिच्या पंखाखाली असतात.

एका कोंबडीखाली दहा-बारा पिल्लं मावतात. शंभरांना आठ-दहा खुडूक कोंबड्या लागतील, त्या एका घरी एकाच वेळी मिळायच्या नाहीत. उरलेली पिल्लं उबेत पाच-सहा आठवडे वाढवून, सुटी नव्हे तर सगळी एकत्र सोडावीत. दाण्या-पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवावीत आणि अंगणात काटेरी फांद्यांचे आडोसे करावेत. आणि देशी कोंबड्या विकून सगळं खुराडं सुधारित जातीचं करण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नये. जास्त अंड्यांसाठी निवडलेल्या या जाती सहसा खुडूक होत नाहीत. पुढच्या खेपेच्या पिल्लांना पोटाखाली घ्यायला त्या घरात दोन-तीन देशी कोंबड्या हव्यातच.