एका विस्तवाच्या अनेक चुली

मार्गशीर्ष-पौषाच्या थंडींत आमच्या जुन्नर आणि आंबेगांव तालुक्यांतील शेतांतून निळसर धूर वर चढूं लागला, कीं हुरड्याचे दिवस आले असें समजावें. बांधाजवळ एक खळगा करावयाचा, त्यांत गोवऱ्या पेटवावयाच्या, ज्वाळा बसून लाल विस्तव उरला म्हणजे ज्वारीचीं कोंवळीं कणसें त्या आगटींत खुपसावयाचीं आणि हातावर चोळून गरम दाणे पाहुण्यांपुढें टाकावयाचे. शेजारच्या शेतांतला मुलगा खापरीच्या तुकड्यावर दोन निखारे मागून नेतो. घटकाभरांत तेथेंही आगटी फुलते आणि पहिल्या आगटीचें कांहींच कमी होत नाहीं. विस्तवाचा हा गुण धंद्यालाही लागू पडतो काय, एवढा एकच प्रश्न घेऊन मी आज आपणांपुढें बसलों आहें.

हा प्रश्न माझा मला सुचलेला नाहीं. तो माझ्या दारीं चालून आला. मागल्या हिवाळ्यांत माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. नारायणगांवाजवळ पुणें-नाशिक रस्त्यावर त्याच्या घरची खानावळ आहे. ती वडिलांनीं सुरू केली. आई वाटण करते, आणि दोघे भाऊ कोळशाच्या शेगडीवर कोंबडी भाजतात. रविवारीं पुण्या-मुंबईच्या मोटारींची रांग लागते. तो म्हणाला, "गुरुजी, मंचरला जागा मिळते आहे. ती बसली कीं चाकणलाही काढूं म्हणतों. आपलें काय मत?" मीं जन्मभर गणित शिकविलें, खानावळ कधीं चालविली नाहीं. परंतु त्यानें आणलेल्या कागदावर शाळेंतलें त्रैराशिक मांडलेलें होतें : एका चुलीला वर्षाकाठीं इतका नफा, तर तीन चुलींना किती? तें पाहून मला अभिमान वाटण्याऐवजीं काळजीच वाटली.

निखाऱ्यावर भाजलेल्या पदार्थांना हल्लीं शहरांत बार्बेक्यू म्हणतात. हा शब्द मूळचा कॅरिबियन बेटांतला. तेथील आदिवासी लोक काटक्यांच्या मांडवाला ज्या नांवानें ओळखीत, तें स्पॅनिश खलाशांनीं 'बार्बाकोआ' असें उचललें आणि पुढें इंग्रजींत त्याचें बार्बेक्यू झालें. शब्द परका असला तरी विद्या आपल्याला परकी नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकांतील ग्रंथांत भाजलेल्या मांसाचा 'भडित्रक' नांवाचा पदार्थ वर्णिलेला आहे.

ही विद्या ज्वाळेची नसून विस्तवाची आहे. ज्वाळेवर धरलेलें मांस वरून काजळतें आणि आंत कच्चें राहतें. कोळशावर राखेचा पांढुरका पापुद्रा आला, कीं त्याची आंच सारखी व सौम्य होते. मांसांतली चरबी निखाऱ्यावर ठिबकते, आणि तिचा जो धूर होतो तोच मांसाला वास लावतो. खिम्याच्या कबाबाला चपटी सळई घेतात, कारण गोल सळईवर खिमा सुटून फिरूं लागतो. कच्च्या पपईचा कीस लावला तर मांस मऊ होतें, कारण तिच्यांतील पपेन नांवाचें द्रव्य मांसाचे तंतू तोडतें. पण तोच कीस प्रमाणाबाहेर वेळ राहिला तर मांसाचा लगदा होतो. यांतली प्रत्येक गोष्ट पाहून, हुंगून, बोट लावून ठरवावयाची असते. शिवाय माल नाशवंत. कच्चें मांस ५ अंश सेल्सिअसच्या आंत थंड न ठेवल्यास उन्हाळ्यांत तें कांहीं तासांतच धोक्याचें होतें. कापडाच्या दुकानांत न खपलेला तागा उद्यां विकतां येतो. येथें उरलेली सळई म्हणजे बुडालेला पैसा.

म्हणूनच त्रैराशिक येथें चुकतें. दुसरी चूल पेटली कीं खर्च लगेच दुप्पट होतो. पण आईचे हात दोनच राहतात आणि वडिलांची नजर एकाच गल्ल्यावर राहते. तर मग अशा धंद्याच्या अनेक चुली कोणाला साधल्या, आणि कशा साधल्या? तीन उदाहरणें पाहूं.

पहिलें मुंबईचें. कुलाब्यास ताजमहाल हॉटेलाच्या मागल्या गल्लींत 'बडेमियां' हें नांव कबाब खाणाऱ्यांस ठाऊक असतें. उत्तर हिंदुस्थानांतून लहान वयांत मुंबईस आलेले महंमद यासीन यांनीं १९४६ सालीं तेथें शीग-कबाबाची शेगडी मांडली. घराण्याची आठवण अशी, कीं त्यांच्या गुरूनें भांडवल म्हणून वीस रुपये दिले, आणि पहिलें गिऱ्हाईक म्हणजे अपोलो बंदरावरील आरमारी लोक. कित्येक वर्षें ही शेगडी रस्त्यावरच, रात्रीं पेटणारी अशी होती. मुलें मोठीं होऊन हाताशीं आलीं, तेव्हां हळूहळू बसण्याची सोय झाली आणि पुढें फोर्टांत हॉर्निमन सर्कलजवळ वेगळें उपाहारगृह निघालें. १९४६ पासूनचा हा काळ लक्षांत घ्या. एक शेगडी पक्की होण्यास एक पिढी खर्ची पडली, आणि दुसऱ्या शेगडीपाशीं उभें राहावयास घरचींच माणसें तयार झालीं होतीं.

दुसरें उदाहरण दूरचें, अमेरिकेंतील टेक्सास प्रांताचें. लॉकहार्ट नांवाच्या लहानशा गांवीं १९०० सालीं क्रॉइट्स नांवाच्या गृहस्थानें किराणा व मांस विकण्याचें दुकान काढलें. अशा दुकानांत ओकच्या लांकडावर मांस भाजून कागदावर वाढीत. १९४८ सालीं तें दुकान एडगर श्मिट यांनीं विकत घेतलें आणि १९८४ सालीं आपल्या मुलांना दिलें. १९९० सालीं त्यांचा मृत्यु झाला. धंदा मुलांकडे होता, पण इमारत मुलीच्या वांट्यास आली. धंदा एकाचा आणि छप्पर दुसऱ्याचें, यांतून जें व्हावयाचें तें झालें. १९९९ सालीं भाडेपट्ट्यावरून बेबनाव झाला, आणि भावानें त्याच गांवांत नवी मोठी इमारत बांधली. जातांना त्यानें जुन्या भट्टींतले धगधगते निखारे एका टबांत भरून रस्त्यानें ओढीत नेले व त्यांवर नवी भट्टी पेटविली. बहिणीनें जुन्या जागीं वडिलांच्या टोपणनांवानें 'स्मिटीज' हें दुकान चालू ठेवलें. दोन्ही दुकानें चाललीं, हें त्या घराण्याचें भाग्य. आमच्या आगटीसारखाच तो विस्तवही सहज वांटला गेला. वांटतां आली नाहीं ती वास्तू.

तिसरें उदाहरण आपल्याच देशांतील आणि आजच्या काळांतील. सयाजी हॉटेल्स चालविणाऱ्या धनानी घराण्यानें २००६ सालीं मुंबईस 'बार्बेक्यू नेशन' नांवाचें पहिलें उपाहारगृह काढलें. तेथें टेबलाच्या मधोमध शेगडी बसविलेली असते आणि पाहुणा आपल्यासमोर सळई भाजलेली पाहतो. सतरा-अठरा वर्षांत अशीं सुमारें दोनशें उपाहारगृहें उभीं राहिलीं. इतक्या शेगड्यांवर घरचा माणूस कोठून आणावयाचा? म्हणून अशा धंद्यांत मसाल्याचें माप लिहून ठेवतात, भाजण्याची वेळ घड्याळावर ठरवितात, नोकरांस रीतसर शिकवितात. २०२१ सालीं या कंपनीचे भाग सर्वसाधारण लोकांना विकण्यांत आले. भांडवल मिळालें, पण त्याबरोबर घरच्या वहीचें खाजगीपण गेलें. भागीदार जनता झाली म्हणजे दर तिमाहीस हिशेब तिच्यापुढें मांडावा लागतो.

या तिन्ही गोष्टींवरून एवढें दिसतें, कीं कुटुंबाच्या धंद्याला वाढावयाचें असेल तर तीन गोष्टी हातावेगळ्या कराव्या लागतात. हातांतली चव मापांत उतरवावी लागते, डोक्यांतला हिशेब वहींत उतरवावा लागतो, आणि मनांतला वांटा कागदावर उतरवावा लागतो. यांपैकीं एक जरी राहिली तरी काय होतें, तें मीं जवळून पाहिलें आहे. आमच्याच भागांतील एका कुटुंबाची मटणाची खानावळ नांवारूपास आली होती. थोरल्या भावानें दुसरी काढली. मसाला फक्त वडिलांना ठाऊक. तो ते डब्यांत भरून पाठवीत. पैसा मात्र दोन्हीकडून एकाच पेटींत पडे आणि ज्याला लागेल तो त्यांतून घेई. वडील गेले, आणि त्यांच्याबरोबर मसालाही गेला. पेटींत कोणाचे किती, याचा कागद नव्हता. दोन वर्षांत दोन्ही चुली विझल्या. वडिलांच्या वर्षश्राद्धाला भाऊ वेगवेगळ्या वेळीं येऊन गेले, कारण त्यांना एकमेकांसमोर यावयाचें नव्हतें.

असे कुटुंबवत्सल लोक कागद करावयास लाजतात. "भावाभावांत कसला करार?" असें म्हणतात. त्यांना एवढेंच सांगावेंसें वाटतें, कीं तुम्हीं लिहिलें नाहीं तरी कायद्यानें लिहून ठेवलेलें आहेच. १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्याप्रमाणें, वेगळें ठरलें नसेल तर सर्व भागीदारांचा नफा-तोटा सारखा धरतात, मग एकानें पहांटे उठून कोळसा पेटविला असो वा नसो. तसेंच, वेगळें ठरलें नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूनें ती भागीदारी संस्थाच मोडते. शिवाय २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालीं अशा प्रत्येक जागेची नोंदणी किंवा परवाना लागतो. मंचरच्या चुलीला नारायणगांवचा कागद चालत नाहीं.

हें सर्व मीं त्या विद्यार्थ्याला सांगितलें आणि गणिताचा मास्तर म्हणून एक गृहपाठ दिला. आई वाटणांत मिरची ओंजळीनें टाकते. ती ओंजळ चार दिवस तोलून लिहून आणावी. त्यानें लिहून आणलें, तर चारही दिवशीं वजनें निराळीं. तो हिरमुसला. म्हणाला, "आईचें मापच पक्कें नाहीं." मी त्याच्याबरोबर त्याच्या घरीं गेलों आणि त्या माउलीला विचारलें. ती हंसून म्हणाली, "मास्तर, सोमवारची मिरची जुनी होती, ती तिखट उतरत नाहीं. बुधवारीं कोंबड्या लहान आल्या होत्या. मग सारखी ओंजळ कशी टाकूं?"

श्रोतेहो, वजन निराळें असलें तरी नियम एकच होता. तो आम्हांला ठाऊक नव्हता, इतकेंच. तोपर्यंत मीही माप म्हणजे आंकडा असेंच समजत होतों. त्या दिवसापासून धाकटी सून वही घेऊन सासूबाईंजवळ बसूं लागली : मिरची कोणती, माल केवढा, वेळ किती. भावांनीं वडिलांच्या हयातींतच भागीदारीचा करार करून त्यावर सह्या केल्या. सह्या करतांना थोरल्याच्या डोळ्यांत पाणी आलें, असें वडिलांनीं मला सांगितलें.

या सगळ्यांत आठ महिने गेले आणि मंचरची जागा दुसऱ्यानें घेतली. याचें विद्यार्थ्याला वाईट वाटलें, आणि त्यांत माझाही दोष आहे हें मी नाकारीत नाहीं. परंतु गेल्या महिन्यांत आई आजारी पडून पंधरा दिवस अंथरुणावर होती. ते पंधराही दिवस वाटण सुनेनें केलें, आणि एकाही गिऱ्हाइकानें ताट परत केलें नाहीं. आतां तो नवी जागा पाहतो आहे. या वेळीं कागद घेऊन येईल तेव्हां त्याला अडविण्याचें कारण मला उरलें नाहीं.