हसऱ्या चेहऱ्याचे जन्मगाव
पिवळे वर्तुळ, दोन काळे डोळे आणि रुंद स्मित अशा जगप्रसिद्ध हसऱ्या चेहऱ्याचे जन्मगाव म्हणजे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील वूस्टर शहर. १९६३ साली तेथील ‘स्टेट म्युच्युअल’ या विमा कंपनीत विलीनीकरणामुळे कर्मचारी नाराज होते. त्यांचे मनोबल वाढावे, म्हणून वूस्टरचेच चित्रकार हार्वे बॉल यांनी अवघ्या काही मिनिटांत हे चित्र रेखाटले. मोबदला मिळाला ४५ डॉलर. त्यांनी चित्राचे हक्क नोंदविले नाहीत. त्यावर पैसा मिळविला तो इतरांनी. मात्र व्यापारात मूळ हेतू हरवू नये, म्हणून बॉल यांनी १९९९ पासून ऑक्टोबरच्या पहिल्या शुक्रवारी ‘जागतिक स्मित दिन’ सुरू केला. त्या दिवशी सत्कृत्याने निदान एकाच्या तरी चेहऱ्यावर हसू फुलवावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती.