कॅमेऱ्याची जादा बॅटरी : ओरिजिनल, लोकल आणि बनावट

डिजिटल कॅमेऱ्यासाठी जादा बॅटरी घेताना ग्राहक दोनच पर्याय मोजतो : ओरिजिनल आणि लोकल. बाजारात मात्र तीन प्रकारचा माल असतो. कॅमेरा कंपनीने स्वतःच्या नावाने विकलेली बॅटरी हा पहिला प्रकार. दुसऱ्या कंपनीने त्याच मापाची बनवून उघडपणे आपल्याच नावाने विकलेली बॅटरी हा दुसरा. आयर्लंडची हेनेल, जर्मनीची पटोना, भारतात डिजिटेक ही या गटातली काही नावे. तिसऱ्या प्रकारात कॅमेरा कंपनीचे नाव, लोगो आणि डबा हुबेहूब उतरवलेला असतो. दुकानांच्या भाषेत ही ‘फर्स्ट कॉपी’. दुसरा आणि तिसरा प्रकार एकाच रांगेत बसवल्यामुळे चांगल्या लोकल बॅटरीची विनाकारण बदनामी होते आणि ओरिजिनल समजून बनावट घेणारा मात्र निर्धास्त राहतो. पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारातली निवड कामावर आणि खिशावर ठरते. तिसरा प्रकार ओळखून टाळायचा असतो, आणि अवघड काम तेच आहे.

आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांत लिथियम-आयन बॅटरी असते. हे तंत्र सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणले, तेही व्हिडिओ कॅमेऱ्याच्या निमित्ताने. एका सेलचा सरासरी दाब ३.६ ते ३.७ व्होल्ट असतो, पूर्ण भरल्यावर ४.२ होतो. खिशात मावणाऱ्या लहान कॅमेऱ्यांना एक सेल पुरतो. डीएसएलआर आणि मिररलेस कॅमेऱ्यांच्या बॅटरीत बहुधा दोन सेल एकापुढे एक जोडलेले असतात. म्हणून त्यांच्या लेबलवर ७.२ व्होल्टच्या आसपासचा आकडा दिसतो. ओरिजिनलवर ७.२ आणि लोकलवर ७.४ लिहिलेले पाहून पुष्कळ ग्राहक बिचकतात, पण तो सरासरी मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे. पूर्ण भरल्यावर दोन्हींचा दाब ८.४ व्होल्टच होतो.

सेलांच्या जोडीला एक छोटी संरक्षक पट्टी असते आणि बॅटरीची खरी प्रत तिथे कळते. सेल प्रमाणाबाहेर भरू लागला, गरजेपेक्षा खाली उतरला किंवा दोन टोके एकमेकांना चिकटली, तर ही पट्टी प्रवाह तोडते. तापमान मोजणारा एक घटकही बॅटरीत असतो. बॅटरी तापली की चार्जरने थांबावे यासाठी तो. स्वस्तात स्वस्त माल बनवणाऱ्याला काटकसर करायला हीच जागा सोयीची वाटते, कारण वरून काहीच दिसत नाही. तापमापकाच्या जागी साधा ठरावीक रोधक बसवला की चार्जरला बॅटरी कायम थंडच भासते. ती चार्ज होते, फोटोही निघतात, आणि उणीव उघड होते ती बॅटरी खरोखर तापल्यावर.

क्षमतेचा आकडा हा दुसरा सापळा. कॅननची एलपी-ई६ ही बॅटरी २००८ साली फाइव्ह-डी मार्क टू या कॅमेऱ्याबरोबर आली, तेव्हा तिची क्षमता १८०० मिलीअँपिअर-तास होती. २०१४ मधली एलपी-ई६एन १८६५ची आणि २०२० मधली एलपी-ई६एनएच २१३०ची. बाहेरचा आकार तोच, आणि बारा वर्षांत वाढ साधारण अठरा टक्के. कॅननला जे साधायला इतकी वर्षे लागली, ते ‘२८०० मिलीअँपिअर-तास’ असे ठळक छापलेली निनावी बॅटरी तेवढ्याच जागेत चौथाई किमतीत साधेल यावर विश्वास ठेवणे कठीण आहे. प्रामाणिक लोकल कंपनीचा आकडा ओरिजिनलच्या जवळपास असतो, कधी थोडा कमीही. मोठा आकडा हा बहुतेक वेळा इशारा समजावा.

सोनीच्या एनपी-एफ मालिकेत हा हिशेब आणखी उघड होतो. यातल्या एनपी-एफ९७० या जाड बॅटरीत १८ मिलिमीटर जाडीचे आणि ६५ मिलिमीटर लांबीचे सहा दंडगोल सेल बसतात : दोन-दोनच्या तीन जोड्या. उत्तम प्रतीच्या अशा सेलची क्षमता ३५०० मिलीअँपिअर-तासांच्या आसपास धरली, तरी तीन जोड्यांची बेरीज १०,५०० होते. त्याहून बराच मोठा आकडा छापलेला असेल तर तो कागदावरच राहणार. अशा सेलचे वजन सुमारे ४५ ग्रॅम असते; म्हणजे सहा सेल मिळून २७० ग्रॅम, कवचाचे वजन वेगळे. हातात घेतल्यावर बॅटरी दीड-दोनशे ग्रॅमचीच लागली, तर आत सेल कमी आहेत किंवा हलके आहेत. भाजीच्या काट्यावरही ही तपासणी होते, आणि लेबल वाचण्यापेक्षा ती जास्त भरवशाची आहे.

मिलीअँपिअर-तास म्हणजे साठा. तो साठा किती जोराने बाहेर काढता येतो, हा वेगळा गुण, आणि ओरिजिनल बॅटरीचे पैसे बऱ्याच अंशी त्यासाठी मोजले जातात. सेकंदाला दहा-वीस फ्रेम घेताना, मोठ्या लेन्सची फोकस मोटर फिरवताना किंवा जास्त रिझोल्यूशनचा व्हिडिओ चालू असताना कॅमेरा एकदम मोठा प्रवाह ओढतो. आतला रोध जास्त असलेल्या सेलचा दाब अशा वेळी खाली बसतो आणि पडद्यावर तीस टक्के दिसत असताना कॅमेरा बंद पडतो. थोड्या वेळाने सुरू केला तर पुन्हा तीस टक्केच दिसतात. २०२४ मधली कॅननची एलपी-ई६पी या दृष्टीने बोलकी आहे : क्षमता आधीच्या बॅटरीइतकीच, २१३०, पण प्रवाह देण्याची ताकद अधिक. आर-फाइव्ह मार्क टू या कॅमेऱ्यात जुनी बॅटरी घातली, तर ती कॅननचीच असूनही काही सुविधा बंद राहतात. जिथे कंपनीची आदली बॅटरी कमी पडते, तिथे लोकल बॅटरीने सगळे निभावून न्यावे ही अपेक्षा जास्तीची आहे.

बॅटरी आणि कॅमेरा यांच्यात संवादही चालतो. धन आणि ऋण टोकांच्या मधले पत्रे तापमान आणि माहिती यांच्यासाठी असतात. उरलेली टक्केवारी आणि सेलची झीज कॅमेरा इथून वाचतो. लोकल बॅटरीत ही भाषा बोलणारी चिप नसेल किंवा अर्धवट उतरवलेली असेल, तर टक्केवारी दिसत नाही, किंवा दिसते पण खोटी. कॅमेरा कंपन्या फर्मवेअर बदलून हा संवाद अधिक काटेकोर करू शकतात. २००९ मध्ये पॅनासोनिकने आपल्या काही लुमिक्स कॅमेऱ्यांना फक्त स्वतःचीच बॅटरी ओळखणारे फर्मवेअर दिले. कारण सुरक्षिततेचे सांगितले. २०१३च्या अखेरीस निकॉनच्या काही कॅमेऱ्यांत अपडेटनंतर ईएन-ईएल१४ मापाच्या कित्येक लोकल बॅटऱ्या चालेनाशा झाल्या. सुरक्षिततेचे कारण खोटे नाही, पण त्यातून बॅटरीची विक्री राखली जाते हेही तितकेच खरे. लोकल बॅटरी वापरणाऱ्याने अपडेट करण्याआधी निदान एक ओरिजिनल हाताशी ठेवावी.

बनावटीच्या बाबतीत कॅमेराच कधी कधी मदतीला येतो. ओळख न पटलेली बॅटरी घातली की कॅननचे काही कॅमेरे विचारतात, या बॅटरीवर कॅननचा लोगो आहे का? ‘लोकल’ आणि ‘बनावट’ हा भेद खुद्द कंपनीच करते. लोगो नसलेली बॅटरी परकी आहे, पण तिने काही लपवलेले नाही. लोगो असूनही ओळख न पटणारी बॅटरी संशयास्पद. कॅननसारख्या कंपन्या बॅटरीवर होलोग्रामही लावतात. कोन बदलला की त्यावरचे चित्र बदलायला हवे. त्याखेरीज लेबलवरची छपाई पुसट असणे, अक्षरे चुकलेली असणे, कवचाची शिवण खडबडीत असणे, पत्र्यांवर आधीचे ओरखडे असणे या खुणा पाहाव्यात. किंमत ही सगळ्यांत ढळढळीत खूण. ओरिजिनलच्या नावाची बॅटरी निम्म्या भावात मिळत असेल तर ती बहुधा ओरिजिनल नाही, मग विक्रेता ती परदेशातून थेट आणल्याचे कितीही सांगो. ऑनलाइन घेताना विक्रेता कोण आहे ते पाहणे अधिक महत्त्वाचे, कारण पानावरचा फोटो अस्सल बॅटरीचाच असतो.

भारतात ग्राहकाच्या हाती आणखी एक साधन आहे. हातातल्या उपकरणांत वापरायचे लिथियम सेल आणि बॅटऱ्या भारतीय मानक ब्यूरोच्या सक्तीच्या नोंदणीखाली येतात. त्यांच्यावर आयएस १६०४६ हा मानक क्रमांक आणि ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा लागतो. ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये तो क्रमांक टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे आणि कोणत्या मालासाठी आहे हे दिसते. क्रमांक मोबाइलच्या एखाद्या उत्पादकाचा निघाला, तर पुढे काही तपासण्याची गरज उरत नाही. दोन लोकल बॅटऱ्यांमध्ये निवड करायची असेल, तर वाढीव क्षमतेच्या दाव्यापेक्षा या क्रमांकाला जास्त वजन द्यावे.

ओरिजिनल बॅटरी कधीच दगा देत नाही असा समज मात्र नको. २००५ मध्ये निकॉनने डी-७० वगैरे कॅमेऱ्यांच्या ईएन-ईएल३ बॅटऱ्यांचे काही संच शॉर्टसर्किटच्या धोक्यामुळे परत मागवले. २०१२ मध्ये ईएन-ईएल१५च्या काही लॉटच्या बाबतीत तेच झाले. फरक असा, की लॉट क्रमांक छापलेला असल्यामुळे सदोष माल शोधता आला आणि बॅटरी बदलून मिळाली. निनावी बॅटरी बिघडली तर परत कोणी मागवायची? कॅमेरा कंपनीची बॅटरी म्हणजे कॅमेरा कंपनीचेच सेल असेही नसते. सेल बनवणे हा वेगळाच धंदा आहे. सोनीने आपला बॅटरी व्यवसाय २०१७ मध्ये मुराताकडे सोपवला. चांगली लोकल कंपनीही नामांकित उत्पादकाचे सेल घेऊ शकते, आणि तसे असेल तर ती पाकिटावर सहसा ते सांगते.

कोणत्या कामाला काय, हे आता सांगता येते. लग्नाच्या चित्रीकरणात एलईडी दिव्यांना आणि लहान मॉनिटरांना एनपी-एफ मापाच्या बॅटऱ्या लागतात. दिव्याला फक्त दाब हवा असतो. चिप, टक्केवारी, ओळख यांतले काही नको. हळदीपासून वरातीपर्यंत अशा चार-सहा बॅटऱ्या फिरवाव्या लागतात, आणि तिथे वजनात खरी उतरलेली लोकल बॅटरी अगदी योग्य. याच लग्नात मुख्य कॅमेऱ्यात मात्र ओरिजिनल असावी, कारण अंतरपाट दूर होण्याचा क्षण दुसऱ्यांदा घेता येत नाही. हौसेने सहलीचे फोटो काढणाऱ्याला एक ओरिजिनल आणि एक चांगल्या नावाची लोकल पुरेशी आहे. दिवसाची सुरुवात लोकलने करून ओरिजिनल राखीव ठेवली तर ऐन वेळी पंचाईत होत नाही. बॅटरी ग्रिपमध्ये दोन बॅटऱ्या एकत्र बसतात. तिथे एक नवी ओरिजिनल आणि एक जुनी लोकल अशी मोट बांधू नये; दोन्ही एकाच जातीच्या आणि एकाच वयाच्या असाव्यात.

हवामानानेही निवड बदलते. ताडोबात वाघ दिसण्याचे दिवस म्हणजे ऐन उन्हाळा, आणि मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो. उघड्या जिप्सीत उन्हात राहिलेली काळी बॅटरी त्याहून जास्त तापते, तेव्हा तापमापक आणि संरक्षक पट्टी खरी असणे गरजेचे. लडाखमध्ये उलट त्रास : थंडीत आतला रोध वाढतो आणि कमकुवत सेल आधी मान टाकतो. बॅटरी आतल्या खिशात उबेला ठेवली की बराचसा दम परत येतो, पण शून्याखालच्या तापमानात ती चार्ज करू नये. त्याने सेलला कायमची इजा होते.

बंद झालेल्या जुन्या कॅमेऱ्यांच्या बाबतीत पारडे लोकलकडे झुकते. लिथियम-आयन बॅटरी डब्यात नुसती पडूनही म्हातारी होते. दहा वर्षे गोदामात राहिलेल्या सीलबंद ओरिजिनलपेक्षा गेल्या वर्षी बनलेली लोकल जास्त चालण्याची शक्यता मोठी. म्हणून उत्पादनाची तारीख पाहावी, आणि जादा बॅटऱ्या गरजेपुरत्याच घ्याव्यात. स्वस्त मिळाल्या म्हणून सहा घेऊन ठेवण्यात लाभ नाही. बरेच दिवस वापरायची नसेल, तर बॅटरी निम्मी भरून गार जागी ठेवावी. पूर्ण भरलेली आणि गरम जागी ठेवलेली बॅटरी सगळ्यांत लवकर झिजते.

विमानप्रवासात जादा लिथियम बॅटऱ्या, ओरिजिनल असोत वा लोकल, सोबतच्या बॅगेतच न्याव्या लागतात. सोपवायच्या सामानात त्या चालत नाहीत. मर्यादा प्रत्येकी १०० वॉट-तासांची आहे. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास असा हिशेब केला की एलपी-ई६ जेमतेम १३ वॉट-तासांची भरते, म्हणजे कॅमेऱ्याच्या बॅटरीला या मर्यादेची धास्ती नाही. मात्र किल्ल्या आणि नाण्यांबरोबर ती सुटी ठेवू नये. पत्र्यांवर टोपी किंवा चिकटपट्टी लावावी.

फुगलेली बॅटरी कोणत्याही नावाची असो, तिचे आयुष्य संपलेले असते. सेलमधले द्रव्य विघटित होऊन वायू साठला की कवच फुगते. तशी बॅटरी कप्प्यात अडकते आणि पकडीने उपसताना फुटूही शकते. कप्प्यात सरकताना किंचित घट्ट लागू लागली की लगेच वापर थांबवावा. अडकलीच तर कॅमेरा सेवा केंद्रात न्यावा. बाद झालेली बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकायची नसते. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे; पत्र्यांवर चिकटपट्टी लावून ती ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी.