एक जंतू, अनेक नावे : स्ट्रेप्टोकोकस पायोजेनिसचे नामकरण व वर्गीकरण

काही महिन्यांपूर्वी नागपुरातील माझ्या चिकित्सालयात एक माता आपल्या नऊ वर्षांच्या मुलास घेऊन आली. ज्वर, गिळताना वेदना, लाल व सुजलेले टॉन्सिल आणि जबड्याखालील ग्रंथींचा शोथ अशी लक्षणे होती. तिच्याजवळ घशातील स्रावाच्या तपासणीचे दोन अहवाल होते. मागील वर्षीच्या अहवालात ‘स्ट्रेप्टोकोकस पायोजेनिस’ असे लिहिले होते, तर ताज्या अहवालात ‘बीटा हिमोलायटिक स्ट्रेप्टोकोकाय, ग्रुप ए’ असे. ‘‘डॉक्टरसाहेब, आता हा दुसराच जंतू झाला का?’’ असे तिने विचारले. प्रश्न साधा आहे. परंतु त्याचे नेमके उत्तर आपणा वैद्यांस ठाऊक असणे अगत्याचे आहे. त्या दृष्टीने या विषयाचा थोडक्यात परामर्श येथे घेतला आहे.

रूपावरून नाव

व्हिएन्ना येथील शल्यचिकित्सक थिओडोर बिलरोथ यांनी १८७४ साली दूषित व्रणांत साखळीप्रमाणे जोडलेले गोल जंतू वर्णिले व त्यांस ‘स्ट्रेप्टोकोकस’ हे नाव दिले. ग्रीक भाषेतील मूळ शब्दांचा आशय ‘पिळाची माळ’ व ‘दाणा’ असा आहे. १८७९ मध्ये लुई पाश्चर यांनी सूतिकाज्वराच्या रुग्णांत अशाच माळा दाखवून दिल्या. पुढे फेलायझेन यांनी एरिसिपेलस या त्वचारोगातून आणि रोझेनबाख यांनी १८८४ साली पूयातून हा जंतू वेगळा केला. रोझेनबाख यांनी दिलेले ‘पायोजेनिस’ म्हणजे ‘पूय उत्पन्न करणारा’ हे नाव आजही प्रचलित आहे.

त्या काळी रोग निराळा म्हणून जंतूही निराळा, असे मानले जाई. त्यामुळे एरिसिपेलसमधील, स्कार्लेट फीव्हरमधील व पूयातील जंतूंना वेगवेगळी जातिनामे मिळाली. कालांतराने हे सर्व एकाच जातीचे असल्याचे स्पष्ट झाले. एक हेतू अनेक व्याधी उत्पन्न करू शकतो आणि एका व्याधीस अनेक हेतू असू शकतात, हा चरकसंहितेच्या निदानस्थानातील विचार येथे कोणाही वैद्यास सहज आठवेल.

कर्मावरून नाव

केवळ रूप पाहून घशात नित्य वास करणारे निरुपद्रवी स्ट्रेप्टोकोकस व रोगकारक स्ट्रेप्टोकोकस यांत भेद करता येईना. १९०३ साली शॉटम्यूलर यांनी रक्तमिश्रित माध्यमावर हे जंतू वाढवून रक्तकणांवरील त्यांचा परिणाम पाहिला. १९१९ मध्ये ब्राउन यांनी त्याचे तीन प्रकार निश्चित केले. वसाहतीभोवती हिरवट छटा येते तो अल्फा, रक्तकण पूर्ण फुटून स्वच्छ वलय दिसते तो बीटा आणि काहीच बदल होत नाही तो गॅमा. अहवालातील ‘बीटा हिमोलायटिक’ हा शब्द म्हणजे जंतूचे नाव नव्हे, ते त्याचे कर्म होय.

घटकावरून नाव

तिसरी पायरी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधील संशोधिका रिबेका लान्सफील्ड यांची. १९३३ साली त्यांनी जंतूच्या भित्तिकेतील कर्बोदकाच्या आधारे ए, बी, सी असे गट पाडले. मानवी घशाच्या व त्वचेच्या रोगांतील बहुसंख्य बीटा हिमोलायटिक जंतू ‘ए’ गटात आले व तो गट म्हणजे व्यवहारतः स्ट्रेप्टोकोकस पायोजेनिसच होय. ‘बी’ गटातील जातीचे नाव ‘अगॅलॅक्टी’ म्हणजे ‘दूध नाहीसे करणारा’ असे आहे, कारण तो प्रथम गाईंच्या स्तनशोथात परिचित झाला. नवजात बालकांस तो घातक ठरतो हे पुढे कळले. नाव हे प्रथम दर्शनाची आठवण असते, संपूर्ण परिचय नव्हे.

गट म्हणजे जाती नव्हे, हेही ध्यानी ठेवावे. इतर काही जातींतही क्वचित ‘ए’ घटक आढळतो. पुढे जनुकीय अभ्यासामुळे कुटुंबाचीच फेररचना झाली व १९८४ साली ‘स्ट्रेप्टोकोकस फीकॅलिस’ हा ‘एन्टेरोकोकस’ या स्वतंत्र वंशात गेला. जुन्या ग्रंथांतील व आजच्या अहवालांतील नावे जुळत नाहीत, त्याचे कारण हेच.

पायोजेनिसच्या पृष्ठभागावरील ‘एम’ प्रथिनावरून त्याचे दोनशेहून अधिक उपप्रकार आज ज्ञात आहेत. एका उपप्रकाराविरुद्ध आलेली प्रतिकारशक्ती दुसऱ्यास रोखेलच असे नाही. म्हणून एकाच बालकास हा घसादुखीचा त्रास पुनःपुन्हा होऊ शकतो.

आयुर्वेदीय दृष्टी

वर्गीकरण पाहणाऱ्याच्या भूमिकेप्रमाणे बदलते, हे आपणांस नवे नाही. तुण्डिकेरीची गणना सुश्रुतांनी तालुगत रोगांत केली, तर वाग्भटांनी कण्ठरोगांत. चरकांनी तर सूत्रस्थानाच्या अठराव्या अध्यायात व्याधीचे नाव सांगता न येण्यात वैद्याने लाज मानू नये, असे म्हटले आहे; दोष, अधिष्ठान व हेतू जाणून चिकित्सा करावी, हा त्यामागील अभिप्राय. परंतु या वचनाचा आधार घेऊन ज्ञात हेतूकडे दुर्लक्ष करणे योग्य नव्हे.

प्रत्येक तुण्डिकेरी स्ट्रेप्टोकोकसजन्य नसते. अनेक घसादुखी विषाणुजन्य असतात. मात्र ‘ए’ गटाच्या घशातील संसर्गानंतर सुमारे दोन ते तीन आठवड्यांनी काही बालकांत संधिवातज्वर उद्भवतो. हे प्रामुख्याने पाच ते पंधरा वर्षे वयात घडते. ‘एम’ प्रथिनाचे हृदयातील घटकांशी साम्य असल्याने शरीराची प्रतिकारयंत्रणा हृदयाच्या झडपांवर आघात करते. एका सांध्यातून दुसऱ्यात सरकणारा शोथ पाहून आपण ‘आमवात’ असे निदान करतो. माधवनिदानात प्रवृद्ध आमवाताच्या लक्षणांत हृद्ग्रहाचा उल्लेख आहे, याचे स्मरण अशा वेळी अवश्य ठेवावे.

व्यवहारात काय करावे?

१. ‘एएसओ’ वाढलेला असल्यास त्यावरून केवळ मागील संसर्ग सूचित होतो. तेवढ्यावरून आमवात अथवा संधिवातज्वर ठरवू नये.

२. घशातील तपासणीत ‘ए’ गट आढळला व लक्षणेही तशी असली, तर पेनिसिलिनसाठी तज्ज्ञांकडे विनाविलंब पाठवावे. लक्षणे सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत दिलेले पेनिसिलिन संधिवातज्वर टाळू शकते व या जंतूवर ते आजही प्रभावी आहे. कवल, गण्डूष, पथ्य हे जोडीला असावेत, पर्याय म्हणून नव्हेत.

३. बालकास सरकता संधिशोथ असेल, तर हृदयपरीक्षण व इकोकार्डिओग्राफी करून घ्यावी. संधिवातज्वर निश्चित झाल्यास तीन ते चार आठवड्यांनी दिले जाणारे पेनिसिलिनचे इंजेक्शन रुग्ण चुकवणार नाही, याची दक्षता कुटुंबवैद्य या नात्याने आपणच घ्यावी.

त्या मातेस मी सांगितले, ‘‘ताई, जंतू तोच आहे. एका कागदावर त्याचे नाव लिहिले आहे, दुसऱ्यावर त्याचे काम आणि गट.’’ त्याच दिवशी मुलास बालरोगतज्ज्ञांकडे पाठविले व पुढील महिनाभर सांधे दुखल्यास अथवा दम लागल्यास तत्काळ येण्यास बजावले. अहवालातील नाव नीट वाचता आले, तरच एवढी सूचना वेळेवर देता येते.