परमुलखातील भाषा आणि आठवड्याचा एक तास

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या मध्यभागी सिरॅक्यूज नावाचे शहर आहे. नामांकित विद्यापीठाचे गाव अशी त्याची ख्याती. १९६० सालच्या जनगणनेचे आकडे तेथील वृत्तपत्रात आले, तेव्हा त्या परिसरातील अकरा हजारांहून अधिक प्रौढांना व्यवहारापुरतेही लिहिता-वाचता येत नाही, असे दिसून आले. बातमी पुष्कळांनी वाचली असेल. रूथ कॉल्विन या गृहिणीने मात्र ती वाचून बाजूला ठेवली नाही. १९६२ साली त्यांनी स्वतःच्या घराच्या तळघरात काम सुरू केले. चर्चमधील महिला मदतीला आल्या, विद्यापीठातील वाचनतज्ज्ञांचा सल्ला मिळाला आणि एका विद्यार्थ्याला एक स्वयंसेवक शिक्षक, अशी साधी व्यवस्था ठरली.

या तळघरातून पुढे ‘लिटरसी व्हॉलंटिअर्स ऑफ अमेरिका’ ही देशव्यापी संस्था उभी राहिली. २००२ साली ती त्याच शहरातील ‘लाउबाख लिटरसी’ या संस्थेत विलीन झाली आणि ‘प्रोलिटरसी’ हे नाव रूढ झाले. २००६ साली कॉल्विन यांना ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ हा तेथील सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये वयाच्या १०७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

दुसऱ्या संस्थेचे मूळ पुरुष फ्रँक लाउबाख यांचा भारताशी निकटचा संबंध होता. फिलिपिन्समधील मिंडनाओ बेटावर मरानाओ लोकांना अक्षरओळख करून देत असताना, १९३० च्या सुमारास त्यांच्या कामाचा निधी आटला. पगारी शिक्षक ठेवणे अशक्य झाले. तेव्हा जो शिकेल त्याने दुसऱ्या एकाला शिकवावे, असा मार्ग निघाला. ‘एकाने एकाला शिकवावे’ हे सूत्र घेऊन लाउबाख १९३५ च्या सुमारास भारतातही आले होते. वेल्दी फिशर यांनी १९५३ साली अलाहाबाद येथे सुरू केलेले आणि पुढे लखनौला नेलेले ‘साक्षरता निकेतन’ याच परंपरेतले. पैसा संपला म्हणून काम थांबवले नाही, उलट शिकणाऱ्यालाच भागीदार करून घेतले, हा हिशेब व्यापारी कुटुंबांना सहज उमगेल.

निरक्षर निराळा, परभाषिक निराळा

प्रारंभी कॉल्विन यांच्यासमोर इंग्रजी बोलणारे, पण वाचता न येणारे लोक होते. लवकरच दुसऱ्या प्रकारचे विद्यार्थीही येऊ लागले. ते परदेशांतून आलेले होते. त्यांच्यापैकी काही स्वतःच्या भाषेत उत्तम शिकलेले होते. काहींनी शाळेचे तोंडही पाहिले नव्हते. दोघांनाही इंग्रजी येत नसे, म्हणून पाहणाऱ्याला दोघे सारखेच वाटत. परभाषिकांना शिकवणाऱ्या स्वयंसेवकांसाठी कॉल्विन यांनी ‘आय स्पीक इंग्लिश’ नावाचे मार्गदर्शक पुस्तक तयार केले.

हा भेद महत्त्वाचा आहे. मुलाकडे कायम राहण्यासाठी न्यूजर्सीला गेलेल्या एखाद्या मराठी गृहस्थांचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. चाळीस वर्षे त्यांनी कापडाचा किंवा धान्याचा व्यापार सांभाळलेला असतो. तोंडी व्याज काढता येते, माणूस पारखता येतो, बाजाराचा कल कळतो. तेथे दुकानाच्या गल्ल्यावर उभे राहिल्यावर मात्र पाचव्या इयत्तेतील नातवंड त्यांच्या वतीने बोलते. त्यांची बुद्धी, अनुभव, प्रतिष्ठा सारे जागच्या जागी असते. फक्त ते बाहेर येण्याची वाट बंद झालेली असते. अशा माणसाला बालवाडीतील चित्रांचे पुस्तक हाती दिले, तर तो दुसऱ्या दिवशी काहीतरी निमित्त काढून येणार नाही. प्रौढाच्या शिक्षणात सर्वांत मोठी आडकाठी लाजेची असते, बुद्धीची नव्हे.

म्हणूनच समोर एकच शिक्षक असण्याचे मोल आहे. चारचौघांत चुकण्याची भीती तेथे नसते. फळ्याऐवजी टेबल असते आणि शिक्षक समोर उभा न राहता शेजारी बसतो.

त्या तासात काय घडते

शिकवणीच्या जागा बहुधा सार्वजनिक ग्रंथालयात असतात. अमेरिकेतील अनेक ग्रंथालये इंग्रजीचे विनामूल्य वर्ग आणि संभाषणाचे गट चालवतात. न्यूयॉर्कमधील क्वीन्स हा परिसर देशोदेशींच्या लोकांनी भरलेला आहे. त्याच परिसरातील एल्महर्स्ट येथे जैन केंद्र आहे, आणि क्वीन्सच्या ग्रंथालयांतील इंग्रजीचे वर्ग नवागतांना चांगले परिचित आहेत.

स्वयंसेवकाला विद्यार्थ्याची भाषा येत असलीच पाहिजे, असे नाही. त्याला थोडे प्रशिक्षण दिले जाते. पहिल्या तासांत व्याकरण येत नाही. ‘उठा’, ‘बसा’, ‘दार उघडा’ अशा आज्ञा शिक्षक स्वतः कृती करून दाखवतो आणि विद्यार्थी त्याप्रमाणे करतो. बोलण्याची सक्ती नसते. आधी कान तयार होतो. पुढे नाव, पत्ता, दूरध्वनी क्रमांक, जन्मतारीख. तारखेपाशीच पहिली अडचण उभी राहते. आपण ५/४ असे लिहितो तेव्हा ५ एप्रिल समजतो. अमेरिकेत महिना आधी लिहिण्याची रीत असल्याने तीच तारीख ४ मे होते. डॉक्टरांची ठरलेली वेळ एवढ्याने हुकू शकते.

संख्यांचेही तसेच. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांतील भेद शब्दाच्या कोणत्या भागावर जोर पडतो, त्यावरून ओळखावा लागतो. पंधरा आणि पन्नास यांत घोटाळा झाला तर काय होते, हे दुकानदाराला सांगावे लागत नाही. धनादेशावर रक्कम अक्षरांत लिहिणे हाही एक स्वतंत्र धडा असतो, कारण इंग्रजीत उच्चारावरून लेखन बांधता येत नाही. मराठी माणसाला जसे बोलावे तसे लिहिण्याची बहुतांशी सवय. इंग्रजीत काही अक्षरे लिहायची आणि उच्चारायची नाहीत, हे त्याला प्रथम अन्यायाचेच वाटते. मराठीतील एका ‘व’ च्या जागी तेथे दोन निरनिराळे ध्वनी आहेत. ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदे तर मराठीत नाहीतच.

याहून सूक्ष्म अडचण होकार-नकाराची आहे. डॉक्टरांनी विचारले, “छातीत दुखत नाही ना?” तर मराठी माणूस “हो” म्हणू शकतो, त्याचा अर्थ, तुमचे म्हणणे बरोबर, दुखत नाही. इंग्रजी रीतीप्रमाणे ‘येस’ म्हटल्यास डॉक्टर दुखते आहे असे समजतील. तेथे ‘नो’ म्हणायला हवे. हे कोणत्याही शब्दकोशात सापडत नाही. शेजारी बसलेल्या माणसाने संवाद करून घेतला, की दोन मिनिटांत उलगडते.

काही गोष्टी भाषेच्या असूनही मनाला टोचतात. इंग्रजीत ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांना एकच शब्द. विशीतील मुलगा सत्तरीच्या गृहस्थांना त्यांच्या पहिल्या नावाने हाक मारतो आणि त्यात त्याला काही गैर वाटत नाही. हा अनादर नव्हे, ती त्या समाजाची रीत आहे, हे समजावून सांगणे हाही शिकवणीचा भाग ठरतो.

या पद्धतीतील एक युक्ती विशेष सुंदर आहे. विद्यार्थ्याने स्वतःच्या आयुष्यातील एखादी गोष्ट मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगायची. शिक्षकाने ती त्याच्याच शब्दांत कागदावर उतरवायची. तोच कागद त्या दिवशीचा वाचनपाठ. आपल्या गावाचे, आपल्या पेढीचे, आईच्या हातच्या पुरणपोळीचे वर्णन परक्या लिपीत वाचताना प्रौढ विद्यार्थ्याला प्रथमच वाटते, की या भाषेत आपल्यालाही काही सांगता येते.

पणाला काय लागलेले असते

घरात इंग्रजी येणारी फक्त मुले असतील, तर नकळत घराची घडी उलटते. शाळेतून आलेली तक्रारीची चिठ्ठी मूलच आईला वाचून दाखवते, आणि हवे तेवढेच वाचते. आजीचे दुखणे नातू डॉक्टरांना सांगतो. संकोचाची गोष्ट असली तर आजी ती नातवाला सांगतच नाही. दुखणे तसेच राहते. सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयांनी दुभाष्याची सोय विनामूल्य करावी आणि आणीबाणीखेरीज लहान मुलाला दुभाषा करू नये, असे अमेरिकेतील नियम आहेत. परंतु आपल्याला दुभाषा हवा, एवढे सांगण्यापुरती तरी भाषा आजीला यावी लागते.

नागरिकत्वाचा प्रश्नही भाषेशी जोडलेला आहे. सर्वसाधारणपणे पाच वर्षे कायम निवासी म्हणून राहिल्यावर अर्ज करता येतो. मुलाखत इंग्रजीत होते. तीनपैकी एक वाक्य वाचून दाखवावे लागते आणि तीनपैकी एक ऐकून लिहावे लागते. वयाची पन्नास वर्षे पूर्ण झालेल्यांना वीस वर्षांच्या आणि पंचावन्न पूर्ण झालेल्यांना पंधरा वर्षांच्या कायम निवासानंतर या भाषापरीक्षेतून सूट मिळते. ज्येष्ठ वयात गेलेल्यांना तेवढी वाट पाहणे नेहमीच शक्य नसते. एक वाक्य वाचणे आणि एक लिहिणे ही ऐकायला लहान गोष्ट. तिच्यामागे वर्ष-दोन वर्षांचे आठवड्याचे तास असतात.

सेवेचीही शिस्त असते

या कामात निराशाही कमी नाही. दोन पाळ्यांत राबणारा विद्यार्थी मध्येच येईनासा होतो. शिक्षक गाव सोडून जातो. आठवड्याचा एक तास पुरेसा नसतो. उरलेल्या दिवसांत घरी सराव झाला नाही, तर पुढच्या तासाला पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावे लागते. प्रशिक्षित, पगारी शिक्षकांची जागा स्वयंसेवक घेऊ शकत नाही, हेही मान्य केले पाहिजे.

उत्साही स्वयंसेवकाकडून दोन चुका हमखास घडतात. प्रत्येक वाक्यातील प्रत्येक चूक तो दुरुस्त करतो, आणि विद्यार्थी बोलणेच बंद करतो. दुसरी चूक दयेपोटी होते. विद्यार्थी अर्ज घेऊन येतो आणि शिक्षक तो भरून देतो. काम पाच मिनिटांत होते, पण पुढचा अर्ज घेऊन तो पुन्हा दारात उभा राहतो. अर्ज भरायला शिकवण्यास तीन तास लागतात. त्यानंतर मात्र त्याला कोणाच्या दारात जावे लागत नाही. आहार, औषध, अभय आणि ज्ञान या चार दानांत ज्ञानदानाचे वैशिष्ट्य हेच, की ते घेणारा पुन्हा याचक राहत नाही.

बाजारात शिकलेली मराठी

महाराष्ट्रातील अनेक जैन व्यापारी कुटुंबांना ही कथा परकी वाटण्याचे कारण नाही. मारवाड आणि गुजरातमधून पूर्वज आले, तेव्हा गावच्या आठवडी बाजारात त्यांना मराठी कोणी शिकवली? शाळा नव्हती, पुस्तक नव्हते. हिशेब आपल्या लिपीत आणि बोलणे गिऱ्हाइकाच्या भाषेत, असे चालले. मापाचे शब्द शेतकऱ्याने सांगितले, भाज्यांची नावे शेजारणीने. एखादा शब्द चुकला तर गावकरी हसले असतील, पण शब्द सांगितल्याशिवाय राहिले नाहीत. ती शिकवणी कुठल्याही वहीत जमा झाली नाही. पण तिच्याच बळावर पुढच्या पिढ्या मराठीत शिकल्या, मराठीत लिहू लागल्या.

आज त्याच पेढ्यांवर आणि गोदामांत बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेशातून आलेली माणसे काम करतात. एस.टी.ची पाटी, सरकारी दवाखान्यातील कागद, मुलाच्या शाळेची सूचना हे सारे त्यांच्यासमोर मराठीत येते. दुसरीकडे, घरातील आजी-आजोबा मुलाकडे परदेशी जाण्याची तयारी करीत असतात. बॅगेत मसाले आणि पापड आठवणीने भरले जातात, परंतु पत्ता सांगणे, प्रकृतीची तक्रार सांगणे, “कृपया सावकाश बोला” एवढे म्हणणे, याचा सराव घेण्याचे कोणाला सुचत नाही. घरातील महाविद्यालयीन नात त्यांच्या शेजारी आठवड्यातून एक तास बसू शकते. दुकान वाढवल्यावर निवृत्त काका गोदामातील मुलाला पावतीवरील मराठी अक्षरे ओळखायला शिकवू शकतात.

त्यासाठी इमारत लागत नाही, देणगीची पाटी लागत नाही. दोन खुर्च्या, एक वही आणि न चुकता पाळलेला तास एवढेच भांडवल पुरते. रूथ कॉल्विन यांच्या तळघरात पहिल्या दिवशी याहून फारसे अधिक काही नव्हते.