आतड्यातले जिवाणू, फुफ्फुसाची राखण

दर्यापूरच्या खारपाणपट्ट्यात हिवाळ्यात ज्वारीची भाकर, तुरीचं वरण आणि हरभऱ्याची कोवळी भाजी ताटात येते. यातला जो चोथा माणसाला पचत नाही, तो मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात. त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट ही छोटी आम्लं तयार होतात. त्यांचा काही अंश रक्तात उतरतो. चोथायुक्त आहार दिलेल्या उंदरांमध्ये हाडांच्या मगजात तयार होणाऱ्या पांढऱ्या पेशींची घडण बदलली आणि फ्लूमध्ये फुफ्फुसांची नासाडी कमी झाली.

उलट प्रयोगही झाला. 2011 मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदरांना अँटिबायोटिक देऊन आतड्यातले जिवाणू घटवले, तेव्हा फ्लूच्या विषाणूशी लढणारा फुफ्फुसातला प्रतिसादच मंदावला. साध्या सर्दीला, जी विषाणूमुळेच होते, मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक आणणं म्हणूनच दुहेरी नुकसानीचं आहे.

माणसांमधला मोठा पुरावा भारतातलाच आहे. ओडिशाच्या खेड्यांत साडेचार हजारांवर नवजात बाळांवर झालेली चाचणी 2017 मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आली. काही बाळांना आठवडाभर लॅक्टोबॅसिलस प्लांटारम हा जिवाणू आणि त्याचं खाद्य असलेली एक शर्करा तोंडावाटे दिली. जंतुसंसर्ग किंवा मृत्यूचं प्रमाण 9 टक्क्यांवरून 5.4 टक्क्यांवर आलं. खालच्या श्वसनमार्गाचे संसर्गही घटले. तो जिवाणू मात्र निवडून घेतलेला होता, तेव्हा घरचं दही बाळाला चाटवून तोच परिणाम मिळेल असं कुणी समजू नये.